दादाराव कुठं गेला

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि मला कारकुनाची नोकरी लागली. लोक म्हणायचे, जिल्हा झाला म्हणजे आता रस्ते होणार, दवाखाने होणार. मला मात्र जिल्हा म्हटलं की ट्रक आठवतात. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून कागद यायचे, लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि ते उतरवून घ्यायला आम्ही चौघं कारकून तोंडाला रुमाल बांधून उभे. आमच्या अहमदपूर भागाचे कागद तर फारच फिरलेले. निजामाच्या राज्यात ते बीदरला होते, मग उस्मानाबादेला आले, आता लातूरला. माणसांसारखी दप्तरांची सुद्धा इतक्या वेळा बदली झाली तर हरवायचं ते हरवतंच.

मला लहानपणापासून दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय. आई म्हणायची, या पोरीला पोस्टात लावू नका, लोकांची पत्रं फोडून वाचंल. सरकारनं मला रेकॉर्डला लावलं. पहिल्या आठवड्यातच मी ठरवून टाकलं, की या बस्त्यांतून आपला आजा शोधायचा.

आजा म्हणजे बाबांचे वडील. बाबा चार वर्षांचे असताना निजामाच्या काळातल्या एका दुष्काळात ते काम बघायला म्हणून घरातून निघाले आणि परत आले नाहीत. एवढीच गोष्ट. मेले म्हणावं तर कुणी प्रेत पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर निरोप नाही. गावानं मग आपल्या सोयीचा निकाल लावला: पळून गेला, दुसरी केली असंल. बाबांना शाळेत पोरं यावरून चिडवायची. पुढं बाबा शाळेतच शिपाई झाले, पन्नाशीला आले, तरी कुणी सहज ‘तुमचे वडील?’ विचारलं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. त्यांनी वडिलांचं पुण्यानुमोदन कधी केलं नाही. मेलेल्या माणसाचं करतात, सोडून गेलेल्याचं नाही, असं ते एकदाच आईला म्हणाले होते.

आणि आजी. आजी आमच्याबरोबर लातूरला दोन खोल्यांत राहायची, मिश्री लावायची, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. धर्मांतर झालं तेव्हा तिनं घरातले देव स्वतः टोपलीत घालून नदीत सोडले होते. कुंकू सोडलं नाही. कुणी टोकलं तर म्हणायची, “देव गेले ते मला ठावं हाय. ह्यो गेला का न्हाई, ते कुनाला ठावं?”

बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. आमच्या गल्लीतली माणसं पुण्याकडं, मुंबईकडं कामाला निघाली होती. बाबा एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचे. निघालेल्या प्रत्येकाला थांबवून विचारायचे, नाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता, आणि शाळेच्या वहीच्या कागदावर लिहून ती चिठ्ठी त्याच्या खिशात कोंबायचे. लोक हसायचे. एकजण म्हणाला, “मी काय पार्सल हाय का?” बाबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे खिशात. वजन न्हाई तिला.” मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती.

तर मी आजा शोधायला लागले. नाव माहीत होतं: दादाराव. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या पुस्तकात, रेशनकार्डावर, सगळीकडं बाबांच्या नावापुढं दादाराव. ते नाव कसं लागलं त्याची घरात एक मजेची गोष्ट होती. आजी बाबांना शाळेत घालायला घेऊन गेली. मास्तरांनी विचारलं, पोराच्या बापाचं नाव काय? आजी नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती पदर तोंडात धरून भिंतीकडं बघत उभी. मास्तरांनी पुन्हा विचारलं, तरी गप्पच. शेवटी सात वर्षांचे बाबाच म्हणाले, “दादा.” घरीदारी सगळे त्यांच्या वडिलांना दादाच म्हणायचे. मास्तर भला माणूस होता. नुसतं दादा बरं दिसत नाही म्हणून त्यानं पुढं राव जोडलं. ही गोष्ट सांगताना आम्ही सगळे आजीच्या लाजण्याला हसायचो. मास्तरनं नुसतं राव जोडलं की नावच बनवलं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही, मलासुद्धा नाही.

जुने कागद उर्दूत होते. ते वाचायला कचेरीनं एका म्हाताऱ्या मुन्शींना बोलावलं होतं. निजामाच्या काळात त्यांनी तहसिलात पेशकाराच्या, म्हणजे बड्या कारकुनाच्या, हाताखाली काम केलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. डोळ्यांवर जाड भिंग, खिशात लवंगा, आणि एक ओळ वाचली की तीनदा खोकायचे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांना माझ्या डब्यातली भाजी द्यायची आणि आमच्या गावाचा एखादा कागद वाचून घ्यायची. लाच म्हणा हवं तर.

गावकी करणाऱ्या घरांच्या याद्या सापडल्या. दवंडी देणं, सांगावा पोचवणं, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढं चालणं, ही कामं आमच्या वस्तीतल्या घरांकडं पाळीपाळीनं असायची. पाळी कुणाची ते ठरवायला याद्या. चाचा बोट ठेवून वाचत गेले. आमचं आडनाव आलं तशी मी खुर्चीच्या कडेला आले. दादाराव नव्हता. पुढच्या यादीत नाही, मागच्या यादीत नाही. एक भलतंच नाव मात्र दोनदा आलं. पहिल्यांदा फार जुन्या यादीत, बापाच्या नावासकट, आणि पुढं शेरा: फौत. म्हणजे मेला. मग पन्नासेक वर्षांनी दुसऱ्या यादीत तेच नाव, तेच बापाचं नाव, आणि माणूस कामाला हजर.

“ये बुढ्ढा तो मरके वापस आया,” चाचा म्हणाले आणि खोकत हसले.

मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं जुनी यादी उतरवताना चूक केली असेल. वहीत तसंच लिहिलं, ‘लेखनिकाची चूक’, आणि पान उलटलं. मला माझ्या हुशारीचं तेव्हा फार कौतुक होतं.

दोन महिने असे गेले. गावाकडच्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून झालं. सगळे म्हणायचे, “दादाच म्हनायचो की आमी.” आजीला विचारायला गेले तर ती माझ्याकडं अशी बघायची, जणू मी तिला चारचौघांत फुगडी घालायला सांगितली आहे. एकदा वैतागून मी म्हटलं, “अगं, नाव तर सांग त्यांचं नीट.” ती म्हणाली, “तुमच्या कागदावर हाय की. मला कशापायी इचारतीस?” त्या उत्तरात सगळं होतं आणि मला काही ऐकू आलं नाही.

मग मला बाबांची आत्या आठवली. आज्याची धाकटी बहीण, उमरीला दिलेली. तिच्याकडं आमचं येणंजाणं नव्हतं. आजा गेल्यावर आजी लेकराला कडेवर घेऊन उमरीला गेली होती आणि नणंदेच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “तुमीच लपिवलाय त्याला.” तिथून जी तोंडं फिरली ती फिरलीच. मी घरी ऑफिसचं काम सांगून नांदेडची गाडी धरली आणि तिथून उमरी.

आत्याआजी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

“नाक त्याचंच हाय,” ती म्हणाली. “कोन म्हनलीस तू? दादारावाची नात? ह्यो दादाराव कोन?”

“तुमचा भाऊ.”

“माझ्या भावाचं नाव दादाराव कवा होतं?” आणि तिनं शेंग फोडता फोडता नाव सांगितलं. सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. बहिणीला भावाचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी असणार?

ते यादीत दोनदा आलेलं नाव होतं.

मी तिला यादीचं सांगितलं. आत्याआजीनं मग उलगडून सांगितलं. आज्याला त्याच्या आज्याचं नाव ठेवलेलं, आणि आज्याच्या बापालाही तसंच बापाच्या आज्याचं, म्हणून एक पिढी सोडून तीच दोन नावं फिरत आलेली. म्हाताऱ्याचं नाव नातवात जगावं म्हणून ठेवतात तसं. आता तेच नाव म्हणजे आज्याच्या आईच्या सासऱ्याचं नाव. ती सून, ती कशी घेणार? पोटच्या पोराला हाक मारायची पंचाईत. म्हणून तिनं दादा म्हणायला सुरुवात केली आणि तिच्यामागं सगळ्या गल्लीनं. लग्न झाल्यावर बायको तर नाव घेणारच नाही. राहिली एक बहीण, ती उमरीला.

“मग ते गेले कुठं?” मी विचारलं. 

“हितं आलता की. दिवाळी झाल्यावर. एक रोज ऱ्हायला. म्हनला, किनवटाकडं जंगलात लाकूडतोडीला मान्सं घ्यायलेत, इस्लापूरच्या अंगाला. महिना-दोन महिन्यात येतो, जाताना लेकराला अंगडं घेऊन जाईन. सकाळच्या गाडीनं गेला.” तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “तुझी आजी आली तवा म्या हेच सांगनार हुते. तिनं सांगूच दिलं न्हाई. आन मंग मला बी राग आला. लई वर्सं राग ठिवला गं म्या.”

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. नावाचं ऐकून ते कितीतरी वेळ स्वतःच्या नोकरीच्या पुस्तकाकडं बघत बसले. मी म्हटलं, किनवटला जाऊन शोधू. ते म्हणाले, “सापडंल काय? त्याचं तिकडं दुसरं बिऱ्हाड?” मला वाटलं होतं ते नको म्हणतील. पण तरुण पोरीनं एकटीनं इतक्या लांब जायचं नाही, एवढं कारण पुढं करून ते आले.

निघायच्या आधी चाचांनी एका चिठ्ठीवर आज्याचं आणि त्याच्या बापाचं नाव उर्दूत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. म्हणाले, “पढना नै आता ना? तो शकल देख. रांगोळी देखती वैसी.” किनवट तालुका निजामाच्या वेळी आदिलाबादेत होता, पुढं नांदेडला जोडला आणि कागद त्याच्या मागून आले. म्हणजे त्यांचंही आमच्यासारखंच. मला त्या कागदांविषयी भावकी वाटली.

तहसिलात तिथल्या कारकुनानं, एका खात्यातली म्हणून, मला जुन्या मौतीच्या वह्या काढून दिल्या. बाबा बाहेर लिंबाखाली वर्तमानपत्र घेऊन बसले. मी चिठ्ठी डाव्या हाताला ठेवून एकेक ओळ जुळवत गेले. हा उभा दांडा, ही त्याखालची वाटी, हे दोन ठिपके. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्लापूर भागाच्या वहीत ती आकृती मला दिसली. आधी पटलंच नाही. चिठ्ठी त्या ओळीवर ठेवून पाहिली. दांडा, वाटी, ठिपके. बाजूला बापाचं नाव, तेही जुळलं. आणि कडेला, समासात, बारीक अक्षरात काहीतरी तिरपं लिहिलेलं.

मौतीच्या वहीत नाव म्हणजे माणूस मेला, एवढं मला कळत होतं. कधी मेला ते कळत नव्हतं. महिन्यानं की वीस वर्षांनी, दुसऱ्या बिऱ्हाडात? बाबांच्या दृष्टीनं सगळं त्यावरच होतं. तिथल्या कुणालाही उर्दू येत नव्हतं. मी कारकुनाच्या परवानगीनं त्या पानावर पातळ कागद ठेवून ती ओळ आणि समासातलं तिरपं अक्षर जसंच्या तसं गिरवून घेतलं.

बाहेर येऊन मी तो कागद बाबांना दिला. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय?” मी म्हटलं, “माहीत नाही.” किनवट ते नांदेड रेल्वेत आणि नांदेड ते लातूर एस.टी.त त्यांनी तो कागद हातात धरून ठेवला. घडी घातली नाही की पिशवीत टाकला नाही. एकदा तर तो उलटा धरून बघत होते, मी काही बोलले नाही.

चाचांनी कागद भिंगाजवळ नेला. बाबा उभेच राहिले. चाचा आधी मनात वाचून खोकले, मग भिंग काढून पुसलं, आणि बाबांना म्हणाले, “बैठो साहेब.”

नाव. बापाचं नाव. राहणार अहमदपूर तालुका, आमचं गाव. उमर पंचवीस. कारण बुखार. साल त्या दुष्काळाचंच. महिना बहमन, निजामाच्या पंचांगातला. चाचांनी बोटं मोजली, “आजूर, दै, बहमन. म्हणजे दिसंबर.” मग मला विचारलं, “घरसे कब निकले थे?”

“दिवाळीनंतर,” मी म्हटलं.

“एक महिना, साहेब,” चाचा बाबांना म्हणाले. “तुमचे वालिद एक महिन्यात गेले. कुठं नै पळून गेले.”

 बाबांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पन्नाशीचा माणूस कचेरीत रडतोय म्हणून दारातले दोघंतिघं थबकले. मी दार लोटून घेतलं. मलाही रडू आलं, पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष त्या तिरप्या अक्षरांकडं होतं. माझा स्वभावच तसा.

“चाचा, हे कडेला काय आहे?”

चाचांनी ते दोनदा वाचलं आणि आधी सांगायला तयार होईनात. मग म्हणाले, “वारिसला खबर करायला इत्तिला धाडली होती. तुमच्या गावाला. पटवाऱ्याचा जवाब आला.”

“काय?”

“या नावाचा इसम पहिल्यापासूनच फौत आहे. गावात दुसरा कोणी नाही.”

मला जुनी यादी आठवली, फौतचा शेरा आणि माझ्या वहीतली ‘लेखनिकाची चूक’. पटवाऱ्यानं तीच जुनी यादी उघडली असणार, मेलेल्या खापरपणज्याचं नाव पाहिलं असणार आणि पान बंद केलं असणार. मीही तेच केलं होतं. तो वस्तीत येऊन विचारता तरी काय मिळालं असतं? सगळे म्हणाले असते, या नावाचं आमच्यात कुणी न्हाई. आणि दहा हातांवर, आपल्या दारात, आजी गप्प उभी राहिली असती.

घरी बाबांनीच आजीला सांगितलं. तिच्या पायाशी बसून, हळू, एकेक करून. इस्लापूर, बुखार, एक महिना. अंगड्याचंही सांगितलं. आजीनं मिश्रीची डबी बाजूला ठेवली. मग त्यांनी परत गेलेल्या कागदाचं सांगितलं. 

“गावापतूर आलता कागद?” आजी म्हणाली.

“हाव.”

“मला कुनी इचारलं असतं तर.” मग तिनं स्वतःशीच मान हलवली. “इचारलं असतं तरी म्या काय सांगितलं असतं? मास्तरनं इचारलंच हुतं की.”

इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीला हसत होतो ती तिथं जमिनीवर पडली. पुन्हा ती आमच्या घरात कुणी सांगितली नाही.

पुण्यानुमोदन बाबांनी पुढच्या पौर्णिमेला ठेवलं. उमरीहून आत्याआजी आली. दोघी म्हाताऱ्या दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग एकमेकींना इतकं बोलल्या, की आम्ही मध्ये पडावं की नाही कळेना. आजीच्या कपाळावर कुंकू होतं. त्याचं काय करायचं ते तिनं कुणाला विचारलं नाही, आणि कुणाची सांगायची हिंमत झाली नाही. भन्ते आले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढं मेणबत्त्या लावल्या. आज्याचा फोटो नव्हता, म्हणून बाबांनी एक कोरी पाटी आणली होती, नाव लिहून ठेवायला, आणि अक्षर बरं म्हणून खडू माझ्या हातात दिला.

भन्त्यांनी विचारलं, “दिवंगताचं नाव?”

बाबांनी तोंड उघडलं. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिभेवर दादाराव होतं, ते बाजूला सारायला त्यांना एक क्षण लागला. आत्याआजी सांगणार होती. तेवढ्यात आजी उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. पुरतं, त्याच्या बापाच्या नावासकट, म्हणजे एका दमात नवरा आणि सासरा दोघंही. आवाज मोठा होता, शेजारच्या खोलीत गेला असणार.  आत्याआजीनं डोळ्याला पदर लावला.

मी खडू धरून तशीच बघत राहिले होते. आजीनं पाटीकडं बोट केलं.

“लिव्ह की,” ती म्हणाली. “आन राव लावू नको.”